हट्टी लोकांसाठी राखीव

दुबईत अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये चार जण चहाला बसले, की किस्से आपोआप साठत जातात. त्यातले निम्मे फिलोमिना मावशींचे! मावशी म्हणजे आमच्या विल्सनची आई, मूळच्या वसईच्या. गुडघे गेल्यापासून व्हीलचेअरवर. आता कायमच्या गावी निघाल्या होत्या आणि जाण्याआधी त्यांची एकच मागणी होती.

"लहानपणी वाडीतल्या बावखलात पाय सोडून बसायचे. इथल्याही तळ्यात एकदा तरी पाय बुडवायचेत!"

मग विल्सन, त्याची मुलगी रिया, शेजारचा नंदू आणि मी त्यांना वाळवंटातल्या तळ्याच्या पार्कात घेऊन गेलो.

*

पार्किंगमध्ये व्हीलचेअरच्या चित्राखाली पाटी : 'पीपल ऑफ डिटरमिनेशन'. इथे अपंगांना असंच म्हणतात. मावशींनी नातीला अर्थ विचारला.

"ग्रॅनी, इट मीन्स यू नेव्हर गिव्ह अप."

"म्हणजे हट्टी! तुझे आजोबा जन्मभर मला हेच म्हणायचे. पार्किंग मात्र कधी दिलं नाही!"

*

व्हीलचेअरवाल्यांचं खास टॉयलेट बाहेरूनच चकाचक. दाराला कुलूप! चावी सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर शहराच्या दुसऱ्या टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी.

"खराब ना हो, इसलिए बंद रखते हैं," सिक्युरिटीवाला म्हणाला.

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे पाहुण्यांचे कप असेच कपाटात असतात."

*

रॅम्प इतका सुरेख, की नंदूनं त्याचे फोटो काढले. तो थेट वाळूत उतरला आणि तिथेच संपला! पाणी अजून लांब. चाकं रुतली.

"आगे का भी बनेगा, इन्शाल्ला," सिक्युरिटीवाला म्हणाला.

इथे राहून या शब्दाचा अर्थ आम्हाला पक्का कळलाय : वाट बघू नका. मावशींचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

"यल्ला! चला, उचला!" विल्सन म्हणाला आणि आम्ही तिघांनी खुर्चीच उचलली.

"सणाला मदर मेरीला असंच नेतात ना रे?" मावशी खूश.

"हो, पण ती गप्प बसते!" विल्सन धापा टाकत म्हणाला.

*

खुर्ची पाण्यातच टेकवली. विल्सननं मावशींच्या चपला काढल्या. घोट्यापर्यंत पाय बुडवून त्या ते हळूहळू हलवत राहिल्या.

तेवढ्यात शिट्टी! दुसराच एक गार्ड लांबून धावत येत होता. आम्ही सगळे भोवती उभे, त्यामुळे त्याला खुर्ची दिसलीच नव्हती.

"अम्मा, पानी में चलना मना है!"

विल्सन सॉरी म्हणायला वळला. मावशींनी त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

"फिर से बोल ना, बेटा!"