बोगद्याची बाही

जन्मभर मी गणवेश शिवत आले. शाळेतल्या पोरांचे, वॉचमनचे, दवाखान्यातल्या सिस्टरांचे. सोलापुरात आमच्या पूर्व भागात घरटी एक मशीन असतं, त्यात विशेष काही नाही. पण एक दिवस तू बोगद्याला बाही शिवशील असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ती मी शिवली, उलटी शिवली, आणि तरीही तो दिवस आठवला की मला अजून बसल्या जागेवरून उठावंसं वाटतं!

माझा धाकटा भाऊ माढ्याकडे एका बोगद्यावर कामाला लागला होता. शेतीचं पाणी पुढं न्यायला जमिनीच्या पोटातून खणत चाललेला बोगदा. खाली उतरायला माळावर एक भलीमोठी विहीर, तिच्या काठावर क्रेन, क्रेनला लोंबणारा लोखंडी पाळणा. भाऊ अगदी टोकाला, दगडात भोकं पाडायच्या मशीनवर असे. हा पोरगा लहानपणापासून महाचेष्टेखोर. माझ्या शिलाईत खोट काढल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मला चिडवायला त्याला दोन्ही पुरत नसत.

त्या उन्हाळ्यात मात्र तो रजेवर आला की गप्प बसू लागला. कारण त्याच्या सोबत्याकडून कळलं. खाली सुरुंग उडाले की धूर कोंडतो. तो घालवायला वरून मोठ्या पंख्यानं कापडी नळीतून हवा सोडतात, पण नळी जुनी झालेली, जागोजाग फाटलेली. हवा वाटेतच गळते, टोकापर्यंत पोचत नाही. भाऊ पाळीवरून वर आला की डोक्याला ओला टॉवेल बांधून पाण्याच्या टाकीच्या सावलीत पडून राहतो, कुणाशी बोलत नाही.

एका रविवारी मी मुद्दाम चुकीच्या बाजूला काजं केलेला शर्ट त्याच्यापुढं धरला. म्हटलं, आता तरी बोलेल. त्यानं पाहिलं आणि मान वळवली. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. दुसऱ्या दिवशी एसटी धरली आणि थेट तो माळ गाठला.

खाली काय आहे ते मला कुणी बघू देणार नव्हतं, पण वरचा पसारा बघूनच माझे डोळे फिरले. एका पत्र्याच्या शेडमध्ये जनरेटर धडधडतोय, दुसऱ्यात हवा दाबणारा कंप्रेसर, पलीकडे पाणी उपसणारे पंप, आणि विहिरीच्या तोंडाशी तो पंखा, त्याच्या गोल तोंडात माणूस वाकून उभा राहील एवढा. त्याला जोडलेली नळी ठिगळांनी भरून गेली होती.

वरच्या या सगळ्यावर देखरेख करणारे साहेब चंद्रपूरकडचे. आयुष्य कोळशाच्या खाणीवर गेलेलं. मी भांडायलाच आले होते.

"नवी नळी कवा येणार?"

"येणार आहे म्हणून महिनाभर ऐकतोय, ताई. मीही रोज ठेकेदाराशी भांडतो. खाण असो की बोगदा, खालचा माणूस जगतो तो या वरच्या शेडांच्या जिवावर. मला कळत नाही असं नाही."

भांडायला माणूस असा तयारच निघाला की भांडण मिळमिळीत होतं. मी इकडेतिकडे बघितलं. शेडमध्ये कापडाचे गठ्ठे पडले होते, एका अंगाला प्लास्टिकचा चकचकीत मुलामा, दुसऱ्या अंगाला खरखरीत.

"हे कशाला ठेवलंय?"

"ठिगळं लावायला."

"मग ठिगळं कशाला? अख्खीच शिवतो की आमी!"

साहेब हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले.

आमच्या गल्लीतल्या बायका, ताडपत्री शिवणाऱ्या शेजारीणबाई, त्यांची जाड सुईची मशीनं, सगळं टेंपोत घालून आम्ही माळावर दाखल झालो. नळी बदलेपर्यंत खालचं काम बंद ठेवलं होतं, त्यामुळं भाऊ घरी. त्याला मी काही सांगितलं नाही. शेडमध्ये मशीनं मांडली आणि आम्ही सुटलो! एवढा लांब कपडा कुणी बापजन्मी शिवला नव्हता. एक बाई शिवायची, दोघी मागून कापड ओढायच्या, आणि शिवलेलं शेडच्या दारातून बाहेर उन्हात सरपटत जायचं. कंप्रेसरवाले जेवण सोडून बघायला यायचे. शेजारीणबाई त्यांना म्हणायच्या, "बगताय काय, माप देऊन जावा!"

विहिरीत सोडायच्या आधी नळी माळावर पसरून पंख्याला जोडली. साहेबांनी बटण दाबलं. आधी नुसती घरघर, मग नळीच्या तोंडाशी फुगवटा आला, तो पुढं पुढं पळायला लागला, सुरकुत्या फटाफट उघडत गेल्या, आणि जमिनीवर निपचित पडलेलं आमचं कापड गोल होऊन उभं राहिलं. आम्ही बायकांनी जी आरोळी ठोकली ती माढ्यात ऐकू गेली असेल. मी तर पदर खोचून नळीबरोबर पळत सुटले.

टोकाला पोचले आणि पाय थबकले. तिथं नळी धड फुगलीच नव्हती, आजारी माणसासारखी उचकत होती. मी तोंडापुढं हात धरला. एवढ्या मोठ्या पंख्याची हवा, आणि हाताला फक्त फुंकर. भावापर्यंत हीच पोचणार होती.

साहेबांनी पंखा बंद केला, नळीच्या तोंडात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग म्हणाले, "ताई, ही तर प्यांट शिवलीत तुम्ही."

खरंच होतं. चकचकीत बाजू बाहेर, खरखरीत आत. शिवणीला सोडलेलं जादा कापड, ज्याला आम्ही माया म्हणतो, तेही सगळं आत. देखणं ते लोकांना दिसावं, दोरे-बिरे आत लपावेत, हे आमच्या हातांना इतकं मुरलेलं की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पण इथं कपडा घालणारी होती हवा, आणि ती आतून चालणार होती. खरखरीत कापडाला घासत आणि त्या मायेच्या पट्ट्यांना अडखळत ती वाटेतच दमत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळं उसवायचं म्हटलं तर पावसाळा आला असता.

मी मटकन खाली बसले. तेवढ्यात शेजारीणबाई कडाडल्या, "उसवायचं कशाला? परकराची नाडी उलटवत न्हाय का आपण!"

अहो, कुठल्याही शिवणारणीला येतं ते! नाडी उलटी शिवतात, मग तिचं एक टोक पिनेला अडकवून आतून ओढत सुलटी करतात. मी ताडकन उठले. क्रेनवरचा जाड दोर नळीतून आरपार घातला, एक तोंड आवळून त्याला बांधलं. पलीकडून कंप्रेसरवाले, पंपवाले, खुद्द साहेब दोराला लागले. अलीकडून आम्ही बायका कापड आत सारू लागलो. "ओढा! थांबा! अडकलं! आता ओढा!" धूळ, घाम, हसणं, शिव्या. आणि शेवटी नळीनं आपलंच तोंड आपल्यातून बाहेर काढलं.

किती कुरूप दिसत होती! खडूच्या खुणा, लोंबते दोरे, मायेच्या वाकड्या पट्ट्या, सगळी आमची आतली गोष्ट चव्हाट्यावर. पंखा लावला. मी टोकाशी उभी होते. वारा असा आला की पदर उडून मागच्या बाईच्या तोंडावर बसला!

खालचं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा भाऊ परस्पर घरून आला आणि इकडं न बघताच पाळण्यातून उतरून गेला. सुरुंग उडाल्याचा दणका पायांना जाणवला. पंखा सुरूच होता. मी पाळी सुटेपर्यंत तिथंच बसून राहिले.

पाळी सुटली, पाळणा वर आला. मी आधी टॉवेल बघितला. खांद्यावर होता, कोरडा. भाऊ टाकीकडे वळला नाही. तो विहिरीच्या काठाशी नळीजवळ थांबला, एक लोंबता दोरा चिमटीत धरून ओढला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि नाक मुरडलं.

"अक्का, हे तू शिवलंस व्हय? उलटं हाय की सगळं! आणि ही शिवण बघ, म्हैस चालल्यासारखी. लाज न्हाय वाटत?"

एरवी मी हातातली टेप फेकून मारली असती. त्या दिवशी मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "सांग की, अजून काय काय चुकलंय."