अंत्याच्या अॅम्पची अर्थिंग

अंत्याच्या बायकोचा, सुनंदावहिनीचा, फोन आला तेव्हा मी घाटकोपरला घरी दाढी करत होतो. "भाऊजी, हे गेले... झोपेतच," एवढंच ती म्हणाली. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट हाणामारी करून मिळवली, तो असा गुपचूप निघून गेला, याचं मला आधी दुःख झालंच नाही, संताप आला. नाहूरला त्याच्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो.

आम्ही एकाच ऑर्केस्ट्रात वाजवायचो, अंत्या गिटार आणि मी कीबोर्ड. गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा जुना अॅम्प सारखा बिघडायचा आणि तो त्याला घरीच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून बसायचा. बिघाड सापडला नाही की आधी अॅम्पला लाथ, मग भिंतीला, आणि मध्ये बोलेल त्याला. एकदा त्याने तापलेलं सोल्डरिंग आयर्न भिरकावलं, ते वहिनीच्या कानाजवळून गेलं. पुढे बरीच वर्षं आम्ही तो किस्सा हसत हसत सांगायचो. आज मला त्याची लाज वाटते.

मग मुलुंडच्या एका हॉलमधली ती दुपार. साउंड चेक चालला होता, अॅम्प घूंऽऽ करत होता आणि अंत्या चहाला गेला होता. आमच्या धंद्यात यावर एक आळशी इलाज चालायचा... अर्थिंगची वायर तोडायची, आवाज जातो. मी मागची पट्टी उघडली, पक्कड लावली, तोडली. आवाज गेला. पण आतला ट्रान्सफॉर्मर लीक झाला होता आणि तो करंट इतके दिवस ती वायरच पोटात घेत होती, हे मला कुठे माहीत? आता तो गिटारच्या तारांत उतरला होता. अंत्या आला, गिटार गळ्यात घातली, माइकला ओठ टेकवले आणि पाठीवर फेकला गेला. उठला तेव्हा ओठातून रक्त येत होतं, आणि पक्कड अजून माझ्याच हातात होती.

"मारणार होतास मला!"

"आवाज जात नव्हता ना, यार!"

याहून नालायक उत्तर मी कधी दिलेलं नाही. त्याने मला ठोसा मारला, माझे पुढचे दोन दात पडले. मी माइकचा स्टँड त्याच्या तोंडावर घातला, त्याची भुवई फाटली. चौघांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. त्यानंतर चार वर्षं आम्ही बोललो नाही.

गेल्या वर्षी त्याचाच फोन आला. "मेल्या, अॅम्प उघडून बसलोय. ट्रान्सफॉर्मर बदललाय. अर्थिंग तू तोडलीस, तूच जोड." गेलो. त्याने तापलेलं आयर्न माझ्यापुढे धरलं, तेव्हा वाटलं, आता हा मला डागतो. सोल्डर दोनदा सांडलं, दोनदा टपली बसली. तिसऱ्यांदा ओबडधोबड गोळा चिकटला. मी टेस्टर शोधू लागलो, तर अंत्याने गिटारच्या तारा एका मुठीत धरल्या आणि दुसऱ्या हाताने नळ; माझी जोड चुकली असती तर करंट त्याच्यातूनच गेला असता. वहिनी किंचाळली.

"दिल्या, बटन दाब."

मी नाही म्हणालो.

"दाब म्हणतो ना!"

दाबलं. काही झालं नाही... तो तसाच उभा राहून माझ्याकडे बघत होता. मग त्याने माझ्या कानफटात अशी लगावली की मी ओट्यावर आदळलो, आणि म्हणाला, "झकास." मी तिथेच लहान मुलासारखा रडलो.

तेराव्यानंतर वहिनीने तो अॅम्प मला घेऊन जायला सांगितलं. मी मागची पट्टी उघडली. दुसऱ्याचं सोल्डरिंग अंत्या कधीच ठेवत नसे, उपटून पुन्हा करायचा. माझा तो घाणेरडा गोळा तसाच होता.

"मी दहादा म्हटलं, नीट करून घ्या, रोज अनवाणी वाजवता," वहिनी म्हणाली. "तर माझ्यावरच ओरडायचे. म्हणायचे, दिल्याने लावलंय, हात लावायचा नाही."

मी त्या अॅम्पवर मूठ आपटली. पुन्हा आपटली. कातडी सोलून निघाली तरी वहिनीने मला थांबवलं नाही.