मेलेल्या माणसाचं परमिट

मोहफुलं भिजवलेला माठ उकिरड्यात पुरला, हे आमचं दोघांचं सोबतचं शेवटचं काम. मी खड्डा करून राह्यलो होतो, बायको वरून पाहत होती. म्हणे, "अजून खोल करा. एवढ्यात कोंबडी लपत नाही, तं शिपायाचं नाक कसं चुकन?" मी म्हटलं, "मंग तूच घे फावडं." तिनं खरंच घेतलं. माठाच्या तोंडाले फडकं बांधलं, त्याच्यावर शेण लिंपलं, हात धुतले अन् भाकरी टाकाले बसली. तिच्या भावाच्या पोरीचं लग्न होतं, त्याच्यासाठी दारू गाळाची होती.

दुसऱ्या दिवशी तिले उन्हाची लू लागली. दिवस बुडाच्या आत गेली.

लोक म्हणतीन, चोरून गाळत होता अन् वर तोंड करून सांगते. हो, सांगतो. काहून नाही सांगू? छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. त्याच्याआधी माह्यापाशी भट्टीचं सरकारी लायसन होतं, लिलावात घेतलेलं. जिथं गाळायची तिथंच विकायची, असा नियम. मागं भट्टी, पुढं दुकान. साहेब येऊन माप पाहे. अंधार पडला का दार लावायचं. भेसळ केली का लायसन गेलं. सारं पाळलं आम्ही. लायसन माह्या नावावर होतं, पण गाळणारी ती. बाजाराले जाणारे गाडीवाले वाट वाकडी करून येत. एकदा नव्या साहेबानं विचारलं, "लायसनदार कोण?" तं ती मागून ओरडली, "कागदावर तो, चुलीवर मी!" साहेब हसत बसला.

मंग दारूबंदी आली. दुकान गेलं. तेवढ्यावर भागलं नाही. मोहाचं फूल घरात ठेवाले परवानगी पाहिजे म्हणे! जे फूल पोरं भाजून खातात, धान नसलं का ज्याच्यावर लोक जगतात, त्याची परवानगी. ती म्हणे, "उद्या झाडाखालून चालाचंही लायसन काढतीन." अन् मोठ्या लोकायले काय? डॉक्टरची चिठ्ठी नेली का परमिट. ते घरात बसून विलायती पेत, ते आजारी. आम्ही फूल वेचलं तं चोर.

आमच्यात माणूस गेलं का दहाव्याले त्याच्या नावानं मोहाच्या दारूची धार मातीवर सोडतात. त्याच्याशिवाय ते आपल्या वाडवडलांत जाऊन बसत नाही. बाकी काही नसलं तं चालते.

दहावं जवळ आलं तसा तिचा भाऊ आला. "भाटवे, दारूच्या जागी च्या ओतू," म्हणे.

"च्या?"

"गुळाचा करू, चांगला."

"जल्मभर जिनं मुलखाले पाजली, तिले च्या पाजतं? सपनात येऊन हाणन ती मले."

तो रडाले लागला. "शिपाई चावडीतच बसून राह्यते. धाड पडली तं पोरीचे सोयरे लग्न मोडतीन." त्याचंही खोटं नव्हतं.

म्हटलं, सरळ मार्गानं मागून पाहू. आर्णीहून मोटर धरून यवतमाळच्या कचेरीत गेलतो. बाबूले सांगितलं, बायको मेली, पेलाभर मोहाची गाळाची परवानगी द्या.

"परमिट कोणाच्या नावानं?"

"तिच्याच."

"त्या तर वारल्या म्हणता."

"हो. म्हणूनच पाहिजे."

"बाबा, परमिट आजारी माणसाला मिळतं. मेलेल्या माणसाला कसला आजार?"

बाकीचे बाबू हसले. मी म्हटलं, "आजार तिले नाही, तुमच्या कायद्याले आहे."

"नियम मी नाही केला, बाबा."

"मंग ज्यानं केला त्याले बोलाव."

कोणी आलं नाही. घरी आलो तं चूल थंडी. काय म्हणे साहेब, हे विचाराले आत कोणी नव्हतं. साळ्याले निरोप धाडला, तू उद्या घरीच राह्य, धार मी एकटाच सोडतो, नेलं तं मले एकट्याले नेतीन.

सकाळी उजाडल्यावर माठ उकरला. तोंडावरच्या वाळल्या शेणात तिची बोटं उमटून होती. ते लिंपण फोडलं नाही. कडेकडेनं कापून काढलं अन् देवाजवळ ठेवलं. भट्टी घरामागं नाही मांडली, दारापुढं मांडली, दुकान होतं तिथंच. मुद्दाम ओलं लाकूड घातलं. धूर चावडीपर्यंत गेला पाहिजे.

शिपाई धावतच आला. "बाबा, हे काय करून राह्यले?"

"बायकोचं दहावं करून राह्यलो. टोपी काढ, नाही तं बाजूले हो."

नळीतून पहिली धार आली. पेला भरला अन् तिच्या नावानं मातीवर सोडला. शिपाई काहीबाही बोलत होता. मी चुलीत अजून एक लाकूड सरकवलं. माठ अर्धा बाकी होता.