बाबांचा लेग स्पिन आणि माझं कोपर

रविवारी कात्रजच्या आमच्या हॉलमध्ये माझी पुरती शोभा झाली. मीच सांगून टाकतो... नाहीतर बाबा सोसायटीत सांगतील, आणि ते ऐकायला जास्त वाईट असेल.

मी दिवसा आयटीत आणि उरलेला वेळ गेमिंगमध्ये, तेही कॉलेजपासून. बटणांवर वाढलेला माणूस. टीव्हीसमोर उभं राहून रिमोट हवेत फिरवणं ही वाढदिवसाला जमलेल्या पोरांची करमणूक, हे माझं ठाम मत होतं आणि ते मी कोणी न विचारताही सांगायचो.

त्यामुळे कंपनीच्या कामाने परदेशी, ऑनसाइटला जाऊन आलेल्या मित्राने हात हलवून खेळायचा तसला कन्सोल भेट दिला, तेव्हा मी तो सरळ माळ्यावर टाकला.

मग बाबांचा उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, नाहीतर फार दिवस असाच राहील. भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला. बाबांनी तो दोन दिवस केला आणि तिसऱ्या दिवशी "भिंतीला डाग पडतात" म्हणून बंद केला.

सकाळी आई त्यांना शर्टाची बाही चढवून द्यायची, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहायचे. आयुष्यभर कोणाकडे साधं पेनही न मागितलेला माणूस... मला ते बघवायचं नाही.

म्हणून निमूटपणे माळ्यावर चढलो. कन्सोलमध्ये क्रिकेट होतं. रिमोट बॉलसारखा धरायचा आणि हात वरून आणून टाकायचा. बाबा एके काळी ऑफिसच्या टीममधून लेग स्पिन टाकायचे, म्हटलं हौसेने खेळतील.

चार दिवसांत ते मला हरवायला लागले. मी खूश. पाचव्या दिवशी जरा नीट बघितलं... बाबा खुर्चीत, हात मांडीवर, आणि मनगटाला फक्त इतकासा झटका. विकेट. हात वर गेला की नाही, हे रिमोटला कुठे कळतं? ही पळवाट त्यांनी पहिल्याच संध्याकाळी शोधली होती.

रागवायला हवं होतं, पण मनातून मी त्यांना सलाम केला. कमीत कमी कष्टात जिंकायची फट शोधणं... अहो, आम्ही गेमर दुसरं काय करतो? पण खांदा होता तिथेच होता.

आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मनगट छान सुधारलंय हो तुमचं. दुखतोय तो खांदा."

मी वैतागून उभा राहिलो आणि कसाही हात फिरवून बॉल टाकला. बाबांच्या कपाळावर आठी पडली. आता, चुकीचं काही दिसलं की गप्प बसणं आमच्या घरात कोणाला जमत नाही. बाबांनी तर दुसऱ्याच्या लग्नात जाऊन पानात मीठ कुठे वाढायचं ते वाढप्यांना शिकवलं आहे.

"कोपर वाकतंय," ते म्हणाले. मी पुन्हा तसाच टाकला. "अरे, हात कानाजवळून आला पाहिजे." मी पुन्हा तसाच.

"सरक बाजूला. बघ इकडे..." म्हणत बाबा उठले आणि बोलता बोलता त्यांचा हात वर गेला. कानापर्यंत नाही, पण खांद्याच्या वर गेला. मग कळ आली आणि ते मटकन खाली बसले. आई लाटणं हातात धरून बघतच राहिली.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सोसेल तेवढं चालू द्या. मग रोज ऑफिसमधून आलो की मी मुद्दाम भिकार बॉलिंग करायचो आणि रोज बाबा चिडून उठून दाखवायचे. मुद्दाम हरणं जिवावर येतं हो, एखादा गेमरच समजू शकेल.

असे दोन महिने गेले. रविवारी सकाळी बाबा शर्ट स्वतः घालून बाहेर आले. बटणं एका काजाने चुकली होती. आईने ते पाहिलं... आणि बटणं तशीच राहू दिली. चहा ओतायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या आनंदात मी म्हटलं, आज खरं खेळू. कोपर ताठ, हात कानाजवळून, सगळं मनापासून. पंधरा मिनिटांत बाबांनी मला गुंडाळलं. रिमोट ठेवत म्हणाले, "दोन महिने शिकवतोय. तुला बटणंच बरी."

कन्सोल आता कायमचा टीव्हीखाली आहे. मित्रा, तुझे उपकार मानतो आणि माळ्याबद्दल माफी मागतो. रोज संध्याकाळी बाबा अजूनही उठून हात कसा यायला हवा ते दाखवतात, कारण माझं कोपर अजूनही वाकतं... फक्त आता मी ते मुद्दाम करत नाही.