भिवानानांची चारची वेळ

हातात चिठ्ठी पडली की भिवानाना त्यावरची वेळ वाचत नसत. ती घेऊन ते रांगेतल्या शेवटच्या लॉरीपर्यंत चालत जात, चालकाच्या खिडकीवर बोटं वाजवत आणि विचारत, “घरी कोन हाय?” चालकाने बायकोचं, आईचं, पोराबाळांचं नाव घेतलं की नाना आपली चिठ्ठी त्याला देत आणि त्याची आपण घेत.

पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या एका साखर-गोदामाच्या फाटकावर मी तेव्हा कारकून होतो. बेटावरच्या रेल्वेची मालवाहतूक बंद झाली होती आणि कारखान्यांची पोती लॉऱ्यांनी येऊ लागली होती. हमाल मोजके, वजनकाटा एकच, म्हणून प्रत्येक लॉरीला आत यायची वेळ ठरवून देत. रोज सकाळी मी चिठ्ठ्या वाटायचो. पहिली वेळ सातची, शेवटची चारची. लॉरीला दिवसाची खेप एकच. वेळ होईपर्यंत चालक रस्त्याकडेच्या बदामाच्या झाडाखाली बसत.

नाना सें पिएर गावचे. वय साठीच्या आसपास, अंगाने वाळलेले, खाकी शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. मराठी चालक त्यांना नाना म्हणत, क्रेओल चालक तोंतों, म्हणजे काका. झाडाखाली ते फार बोलत नसत. दुसऱ्यांचं ऐकत, दालपुरी अर्धी मोडून शेजाऱ्याला देत आणि चार वाजता सगळ्यांच्या शेवटी आत येत.

एकदा जाँ नावाच्या चालकाला चारची चिठ्ठी मिळाली. त्याची बायको बाळंतपणाला टेकली होती. नानांनी आपली नऊची चिठ्ठी त्याच्या खिशात कोंबली.

“तोंतों, मग तुमची लेर?” लेर म्हणजे वेळ.

“माज्या लेरला काय धाड भरलीय? तू कामियों हाण. पोरगं बापाचं तोंड बगायला थांबतंय व्हय?” कामियों म्हणजे लॉरी.

“आणि मुलगी झाली तर?”

“तर लवकर जा. ती तुज्यावानी दिसली तर बायकूला धीर द्यायला कोनीतरी नको?”

झाडाखाली सगळे हसले. मुलगीच झाली. जाँने दुसऱ्या दिवशी नानांना केक आणून दिला.

अडचण माझ्या वहीची होती. वहीत एका लॉरीचा नंबर असे आणि आत दुसरीच येई. वरिष्ठांनी दोनदा विचारणा केली. शिवाय, एक म्हातारा माणूस रोज दिवसभर ताटकळतो, हे मला बरं वाटत नव्हतं. दोन्हींवर मी एकच उपाय काढला. त्या हंगामापुरती सातची वेळ नानांच्या लॉरीच्या नावावर कायम केली आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल बंद केली.

नानांनी ती चिठ्ठी प्रथमच नीट वाचली. आठवड्याने ते फाटकाशी आले. मी वाकोआ गावचा मराठी, त्यांना नातू शोभेल एवढ्या वयाचा. तरी ते मला थट्टेने मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणत.

“मिस्ये, चारचं द्या की.”

“नाना, सातला आलात की आठला मोकळे. घरी जा, आराम करा.”

“आराम करतोय की. लय झाला.”

“वेळ कायम झाली आहे. आता हंगाम संपल्यावर बदलेल.”

“बरं,” ते म्हणाले. त्यांचं चारची वेळ मागणं मला भिडस्तपणाचं वाटलं.

महिन्याभराने एका दुपारी रांगेत एक लॉरी जास्त भरली. वहीप्रमाणे सहा बाकी होत्या, बाहेर सात उभ्या होत्या. मी मोजत गेलो. सातवी नानांची होती. सकाळी आठलाच रिकामी झालेली. मागे ताडपत्री नीट ताणून चारी बाजूंनी दोर बांधला होता. मी एक कोपरा उचलला. खाली काही नव्हतं.

नाना झाडाखाली इतर चालकांत बसले होते. उठून आले.

“ही रिकामी आहे, नाना.”

“व्हय.”

“मग ताडपत्री कशाला?”

“उगडी दिसली तर लोक म्हन्तील, हा हितं कशाला बसलाय?”

मी लॉरी काढायला सांगितली. त्यांनी दोर सोडला, ताडपत्रीची घडी घातली आणि ती आपल्या बाजूच्या सीटवर ठेवली. “चूक झाली, मिस्ये,” म्हणाले आणि गेले.

नियमाप्रमाणे मी त्या दिवशीच्या पावतीवर एक ओळ लिहिली: माल उतरल्यावर लॉरी दुपारपर्यंत फाटकासमोर उभी होती. पावती लॉरीच्या मालकाकडे गेली. पुढच्या सोमवारी त्या लॉरीवर दुसरा चालक होता.

जाँ तेव्हा माझ्या फाटकावरच्या खिडकीशी आला. “तोंतोंची बायको जाऊन सहा वर्षं झाली,” तो म्हणाला. “मूल नाही. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

सें पिएरला जायचं मी दोन रविवार ठरवलं आणि गेलो नाही. पुढची ऊसतोडणी सुरू होण्याआधी नाना वारले. तेही जाँनेच सांगितलं. शेवटचे काही महिने ते रोज सकाळी गावच्या बसथांब्यावर जात, रांगेत उभे राहत. बस आली की मागच्या माणसाला विचारत, “घरी कोन हाय?” आणि त्याला पुढे करत. बस भरून निघून गेली की पुन्हा शेवटी उभे राहत. कंडक्टर त्यांना ओळखू लागला होता. ते बसमध्ये चढल्याचं कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर मी फाटकावर आणखी दोन हंगाम होतो. वहीत चार रकाने होते: लॉरीचा नंबर, कारखाना, पोती, वेळ. वेळेचा रकाना भरण्याआधी मी प्रत्येकाला विचारू लागलो, घरी कोण आहे. बहुतेकांना घाई असे. एकदा क्वात्र बॉर्नकडचा एक चालक जरा थांबला आणि म्हणाला, कोणी नाही.

मी त्याला चारची वेळ दिली. तो लॉरी वळवून झाडाकडे गेला.