न आलेल्यांची हाजिरी

माझे अक्षर चांगले नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. भंडाऱ्याकडच्या गावात चौथीपर्यंत शिकले. लग्न होऊन भिलाईला आले तेव्हापासून बाहेर सगळे हिंदीत, मराठी फक्त घरात बोलायची. लिहायचे काम किराण्याच्या यादीपलीकडे कधी पडले नाही. ही वही मुलीच्या शाळेतली उरलेली आहे. कोणाला दाखवायची नाही. पण एक गोष्ट फार वर्षे मनात चुकीची बसली होती, ती कागदावर उतरवून ठेवावी असे वाटते.

माझी मुलगी कॅनडात असते. तिथे ती एका फुटबॉल क्लबाच्या तिकीट ऑफिसात कामाला आहे. क्लब लहान, पण खेळाडू पगारी. तिची नोकरी पक्की नव्हती, एका हंगामापुरती होती. मॅच पाहायला येणारे लोक वाढले तर पुढे ठेवणार, नाही तर नाही. हे वारल्याला दोन वर्षे झाली तेव्हा तिने मला सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले.

पहिल्या मॅचला मी जायला तयार नव्हते. चार बायांत बोलायची मला लाज वाटते, तिथे तर सगळे परके.

"मले नाही यायचं. लोक पाहतीन माझ्याकडं," मी म्हटले.

"आई, तिथं कोणी तुझ्याकडे नाही पाहत. सब बॉलला पाहतात," ती म्हणाली. "आणि एक माणूस वाढलं तर माझंच भलं आहे ना."

ती गोष्ट मला पटली. माझ्या जाण्याने तिचे एक माणूस वाढत असेल तर जायला पाहिजे. मी साडीवर स्वेटर, स्वेटरवर तिचे जाकीट घातले आणि स्टीलच्या डब्यात चिवडा घेतला. दारावर त्यांनी डबा अडवला. हे भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कामाला होते, तिथल्या गेटवरही यांचा डबा उघडून पाहत, पण बाहेर निघताना. आत जाताना डबा अडवलेला मी पहिल्यांदा पाहिला. मुलीने तो धावत ऑफिसात नेऊन ठेवला. मग एका पोराने तिच्या मोबाईलवरच्या तिकिटावर यंत्र धरले, ते टुं वाजले आणि मी आत गेले.

मे महिना होता. भिलाईत त्या दिवसांत कूलरसमोरून उठवत नाही, आणि इथे वारा हाडात शिरत होता. बसायला लांब लोखंडी बाक, त्यांवर आकडे. एका कोपऱ्यात पोरे-पोरी उभ्यानेच ढोल वाजवत होती, ती शेवटपर्यंत बसली नाहीत. खेळाडू लहान लहान लेकरांचे हात धरून मैदानात आले. राष्ट्रगीत लागले तेव्हा सगळे उभे राहिले, मीही राहिले. गोल झाला की शेजारची म्हातारी गोरी बाई माझा हात धरून हलवायची. मला खेळ कळत नव्हता, पण हात हलवलेला बरा वाटला.

खेळ कळत नव्हता म्हणून मी माणसे मोजू लागले. ते काम मला येते. आमच्या समाजाच्या लग्नात पंगत बसली की पाने मोजायला मलाच उभे करतात. कोणाशी बोलावे लागत नाही, भिंतीजवळून नुसती नजर फिरवायची आणि आत जाऊन सांगायचे, अजून इतका भात टाका. एका बाकावर किती बसतात ते पाहिले, रिकामे किती ते सोडले, बाक मोजले. दोनदा मोजले.

खेळाचा दुसरा भाग अर्धा झाला तेव्हा माईकवर काही तरी बोलले आणि मोठ्या फळीवर आकडा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात. मुलीने मागे सांगितले होते, आज किती लोक आले ते तिथे दाखवतात म्हणून. तो आकडा माझ्या मोजणीपेक्षा हजाराने जास्त होता.

मला वाटले माझेच चुकले. पुढच्या मॅचला पुन्हा मोजले. त्या दिवशी पाऊस होता, बाकच्या बाक ओले आणि रिकामे. फळीवरचा आकडा तरी तेवढाच मोठा. टाळ्या वाजल्या. माझे हात उठले नाहीत.

घरी येताना बसमध्ये मी विचारले, "तो आकडा कोण काढतं?"

"आमचंच ऑफिस. मीच वर पाठवते," ती म्हणाली. किती कौतुकाने म्हणाली.

मला यांचे ते जुने दहा दिवस आठवले. कावून आठवले ते सांगायला मागे जावे लागेल.

मुलगी तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. त्या वेळी प्लांटमध्ये हाजिरीला टोकन असे. ज्याचे त्याने आपल्या नंबरच्या खिळ्यावर लावायचे. यांचा एक मित्र होता, आमच्याच गावाकडचा, एकाच खात्यात कामाला. तो एक दिवस आला नाही. यांनी आपले टोकन लावले आणि त्याचेही लावले. टाइम ऑफिसच्या माणसाने पाहिले. मित्राची एक दिवसाची गैरहजेरी लागली, बस. यांना चार्जशीट मिळाली, दहा दिवस बिनपगारी घरी बसवले आणि इन्क्रिमेंट रोखले.

ते दहा दिवस मी घराबाहेर निघाले नाही. क्वार्टरच्या खिडक्या लावून घेतल्या. शेजारीण दही मागायला आली तर झोपल्याचे सोंग केले. आमच्या घरात कोणी कधी चोरी केली नव्हती, आणि खोटी हाजिरी म्हणजे चोरीच. यांना मी बोलले नाही, त्यांच्याकडे पाहून बोलवत नव्हते. सगळा राग त्या मित्रावर काढला. त्याने सांगितल्याशिवाय हे असे करणार नाहीत, हे मी मनात पक्के केले. तो पैसे घेऊन आला होता, दहा दिवसांची भरपाई म्हणून. यांनी हात जोडून परत पाठवले. पुढे हे वारले तेव्हा तेरवीला तो पुन्हा पाकीट घेऊन आला. मी दार लावून घेतले.

मुलीला यातले काही सांगितले नव्हते. बाबांना सुटी मिळाली असे सांगितले होते.

आता तीच मुलगी न आलेल्या लोकांची हाजिरी लावत होती, तीही हजाराने. यांचे एकच टोकन होते. हिला परक्या देशात पकडले तर काय करतील? नोकरी तर जाईलच, तिथून हाकलूनही देतील. तीन दिवस ती कामावरून परत येईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले. चौथ्या दिवशी सकाळी ती चहा घेत उभी होती आणि मी पोळ्या लाटत होते, तेव्हा बोलले.

"तू ते काम सोडून दे."

"कोणतं काम?"

"माणसं नसताना आकडा लिहून राहिली तू. मी मोजलं. दोन्ही डाव मोजलं."

ती आधी हसली. "आई, तू व्हिजिलन्समध्ये भरती झाली का? कुणी बसवलं तुला तिथं?"

"हसू नको. मले सगळं समजते."

"अगं, तो आकडा विकलेल्या तिकिटांचा असतो. वर्षाचं तिकीट घेणारे असतात, कुणी येते, कुणी नाही येत. पैसे तर दिले ना त्यानं? ती जागा त्याची. दारात किती आले त्याचा हिशेब वेगळा आहे, ते टुं वाजते ना, त्यातून येतो. दोन्ही मी लिहिते, दोन्ही साहेब पाहतात. माईकवर तिकिटाचा सांगतात. इथं सगळ्यांना माहीत आहे."

"लपवत नाही काही?"

"नाही ग बाई. पण तू इतकी घाबरली कावून?"

मी पोळी तव्यावर टाकली आणि तव्याकडे पाहतच सगळे सांगितले. टोकन, चार्जशीट, दहा दिवस. ती पोळी करपली. सांगून झाल्यावर मला वाटले की आता हिच्या मनातून तिचा बाप उतरणार, आणि ते माझ्या तोंडाने झाले.

तिने कप खाली ठेवला.

"ते दहा दिवस? मी तिसरीत होती तेव्हाचे?"

"हो."

"आई, तेव्हाच तर बाबांनी मला बॉल खेळायला शिकवलं."

मला माहीत नव्हते. ती सांगू लागली. शाळेतून आली की हे तिला क्वार्टरमागच्या मैदानात न्यायचे. दोन विटा ठेवून गोल केला होता. हे गोलात उभे राहायचे आणि ती मारायची. पहिले दोन दिवस तिचा बॉल विटांपर्यंत पोचत नव्हता. दहाव्या दिवशी यांच्या पायांमधून गेला तेव्हा हे तिला खांद्यावर बसवून मैदानभर फिरले. मग ड्यूटी सुरू झाली आणि रोजचे जाणे थांबले, पण तिचे खेळणे थांबले नाही. शाळेत खेळली, कॉलेजात खेळली, म्हणून आज त्या क्लबात आहे. "मी तर इंटरव्ह्यूमध्येही सांगितलं, माझ्या बाबांना दहा दिवसांची सुटी मिळाली होती," ती म्हणाली आणि रडू लागली.

त्या मैदानाकडे आमची मागची खिडकी होती. मी ती लावून बसले होते.

त्यानंतरच्या मॅचला मी मोजले नाही. माझी नजर सारखी गोलात उभ्या असलेल्या उंच पोराकडे जायची, यांच्यासारखा वाटायचा तो. बॉल लांब असला की तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. माझ्या बाजूची जागा रिकामी होती. कोणी तरी तिचे पैसे भरले असतील आणि त्याला येणे जमले नसेल, घरी काही निघाले असेल. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने तिथे आपली पिशवी ठेवली, मग माझ्याकडे पाहून उचलून मांडीवर घेतली.

हंगाम संपत आला तेव्हा मुलीला पुढच्या वर्षासाठी ठेवल्याचे कळले. मी भिलाईला परत आले, त्याच क्वार्टरमध्ये; ते यांनी पुढे लीजवर घेतले होते.

आल्यावर आठ दिवस मी विचार करत होते, मग ऑटो करून भिलाईतल्याच रुआबांध्याला गेले. यांचा मित्र रिटायर होऊन तिथे मुलाकडे राहतो. एकटी कोणाच्या घरी जाणे मला जमत नाही. दारात उभी राहून मी दोनदा मागे वळले. त्याच्या बायकोने पाहिले.

"कावून वहिनी, इतक्या वर्षांनी रस्ता सापडला का?" ती म्हणाली. टोमणाच होता, पण दार तिने पूर्ण उघडले.

मी बसले. पाणी प्याले. म्हटले, "भाऊजी, ते दहा दिवस फुकट नाही गेले, एवढंच सांगायला आली." आणि मुलीची, विटांची, बॉलची गोष्ट सांगितली.

त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितले. मग म्हणाला, "वहिनी, एक विचारू? तुमाले असं वाटत होतं का, की मी त्याले टोकन लावायले सांगतलं?"

मी मान डोलावली.

"मी हिले घेऊन दवाखान्यात होतो. रक्त थांबत नव्हतं. मले टोकनाचं भानच नव्हतं. त्यानं आपल्याच मनानं लावलं. मले तिसऱ्या दिवशी समजलं."

त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे पाहायला मला फार वेळ लागला. यांनी मला हे कधी सांगितले नाही. मी विचारलेही नव्हते.

"मग पैसे कावून देत होता?" मी म्हटले. "तुमची तर चूकच नव्हती."

"चूक नसली म्हणून काय झालं? माझ्या नावानं गेले ना ते पैसे," तो म्हणाला. "त्यानं घेतले नाही. तुम्ही दार लावलं. आता तरी घ्या. मले मोकळं होऊ द्या."

मी हो म्हटले. मला पैसे नको होते, पण नाही म्हणायचा हक्क आता माझा राहिला नव्हता.

दहा दिवसांचा त्या वेळचा पगार आणि रोखलेले इन्क्रिमेंट, असा त्याने हिशेब धरला. मी इन्क्रिमेंट सोडा म्हटले, त्याने ऐकले नाही. पेन्शन निघाली की त्यातले थोडे थोडे द्यायला तो येई, नवरा-बायको दोघे येत. पहिल्या महिन्यात मी चहा केला. दुसऱ्या महिन्यात जेवायला थांबवले, आणि बोलता बोलता त्याची बायको मागच्या खिडकीजवळ जाऊन बसली. ती खिडकी मी आता उघडी ठेवते. तिसऱ्या महिन्यात त्याने उरलेले पैसे माझ्या हातात दिले आणि मोजा म्हणाला. मी सगळे त्याच्यासमोर मोजले. पैसे पूर्ण फिटले.