अकराच्या आधीचा टोल

एका गाडीतून चौघं रोज ऑफिसला जायला लागली की किस्से मायकल अंकलच्या चपलेतल्या उत्तनच्या किनाऱ्यावरच्या वाळूसारखे साचतात. कितीही झाडा, सीटखाली उरतातच!

गाडी पूनम सागर सोसायटीतल्या देसाईभाईंची. सोबत मी, सावंतकाका आणि मायकल अंकल. नाक्यावर वेळेप्रमाणे टोल सुरू झाला: अकरापर्यंत पूर्ण, नंतर निम्मा. म्हणजे म्हणे गर्दी कमी होईल. पहिल्याच दिवशी पाहिलं, अख्खा हायवे नाक्याअलीकडे कडेला उभा, अकरा वाजायची वाट बघत!

*

सावंतकाका मूळचे रत्नागिरीचे, भारी वक्तशीर. "अकरा वाजले, सोडा गाडी!" देसाईभाईंनी सोडली. बीप! पूर्ण टोल कटला.

"माझं घड्याळ पाच मिनिटं पुढेच असतं, वीस वर्षं," काका शांतपणे म्हणाले.

"मग टोलवाल्याला आधी कळवायचं ना!" देसाईभाई उखडले.

*

एकदा शेजारी फुलांनी सजवलेली गाडी उभी. मायकल अंकलनी काच ठोकली. "नवरदेवा, मुहूर्त टळंल! निघायचं न्हाय काय?"

आतून नवरदेवाचे वडील म्हणाले, "भटजी दुसरा मुहूर्त काढून देतील. टोल कोण परत देणार?"

*

आता माझं. आमच्यात गाडी चालवायची आठवड्याची पाळी असते. जो गाडी चालवणार नाही, त्याची सीट जाते. लायसन्स मिळून दोन महिने झाले, तरी मी दोनदा पाळी टाळली होती. चालवायची भीती नाही हो! थांबून परत निघायची. मागून हॉर्न वाजला की मी दचकते, क्लच सुटतो, गाडी बंद.

"सोमवारी नाही, तर सीट माझ्या भाच्याला," सावंतकाकांनी सांगून टाकलं.

सोमवारी मीच बसले स्टिअरिंगवर. नाका आला. अकराला आठ कमी. सगळे कडेला घेत होते.

"बेटा, साइडला घे," देसाईभाई.

मी ब्रेक दाबला. मागून हॉर्न! गाडी बंद. परत चालू केली. परत हॉर्न!

"थांब गं, आठच मिनिटं!" सावंतकाका ओरडले.

"काका, आता थांबले तर मी परत निघणारच नाही!"

आणि घातली सरळ नाक्यात. बीप! पूर्ण टोल.

पुढे हायवे रिकामा, एवढा रिकामा की मी आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला. ऑफिसला वीस मिनिटं आधी!

मी चावी पुढे केली. देसाईभाईंनी माझी मूठ बंद केली.

"तुझ्याकडेच ठेव, बेटा. उद्यापासून अकराची वाट बघायचीच नाही, म्हणजे सावंतांचं घड्याळही बरोबर!"